रेषा कुणाच्या चेहऱ्यावरून काढल्या?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत चेहऱ्याच्या सौंदर्योपचारांवर पानभर मजकूर आला होता. सोबत एका तरुणीच्या चेहऱ्यावर आडव्या-उभ्या रेषा आखलेलं चित्र होतं. खाली ओळ होती: चेहऱ्याचे तीन भाग समान असावेत आणि रुंदी पाच डोळ्यांइतकी असावी. ही दोन वाक्यं मी ३१ वर्षं फळ्यावर लिहिली आहेत. कुडाळ तालुक्यातल्या एका हायस्कुलात मी चित्रकला शिकवत असे. इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेला बसलेल्या मुलांना माणसाचं डोकं काही केल्या जमत नसे. मग मी फळ्यावर एक उभं अंडं काढायची आणि त्याला आडव्या रेघा मारायची. केसांच्या रेषेपासून भुवईपर्यंत एक भाग, भुवईपासून नाकाच्या बुडापर्यंत दुसरा, तिथून हनुवटीपर्यंत तिसरा. मुलं खूश होत. निदान डोळे कपाळात जाणं तरी थांबे.

पण पुढच्याच तासाला मी त्यांना एकमेकांचे चेहरे मोजायला लावायची. हात ताठ धरायचा, एक डोळा मिटायचा, पेन्सिलीवर अंगठा सरकवत माप घ्यायचं आणि वहीत लिहायचं. त्या वह्यांतल्या सात-आठ अजून माझ्या कपाटात आहेत. तिन्ही भाग सारखे भरलेलं मूल मला दर वर्षी भेटलंच असं नाही. कुणाचं कपाळ बोटभर जास्त, कुणाच्या दोन डोळ्यांमध्ये तिसरा डोळा मावून वर जागा उरलेली. (तेरा-चौदा वर्षांच्या पोरांची हनुवटी अजून वाढायची असते, हेही खरं. पण शिक्षकांचे चेहरे मोजले तेव्हाही निराळं काही निघालं नाही. मुख्याध्यापकांचं माप कुणी घेतलं नाही.) फळ्यावरचं अंडं ही सुरुवात करायला दिलेली काठी आहे, समोरचा माणूस दिसायला लागला की ती टाकून द्यायची, हे मी मुलांना सांगायची. ज्यांनी ती टाकली नाही त्यांनी आयुष्यभर एकच चेहरा काढला.

आता ती काठी माझ्या घरात आली, म्हणून हे पत्र.

माझी भाची २६ वर्षांची, पुण्यात नोकरीला. मार्गशीर्षात तिचं लग्न आहे. पिंपल्सचे खड्डे गेले तर बघावं म्हणून ती एका क्लिनिकमध्ये गेली. क्लिनिकचं नाव लिहीत नाही, कारण माझी तक्रार एका दुकानापुरती नाही. तिथे डॉक्टरांच्या आधी एक कौन्सेलर मुलगी भेटली. तिने टॅब्लेट हातात धरून समोरून आणि बाजूने फोटो काढले आणि मिनिटभरात त्यावर हिरव्या रेषा उमटल्या. निकाल असा: नाकपुड्यांची रुंदी जास्त, हनुवटी मागे, खालचा ओठ रेषेच्या पुढे, चेहऱ्याचा तळाचा भाग आखूड. उपाय म्हणून हनुवटीत आणि नाकाच्या दांड्यावर फिलर (सुईने कातडीखाली भरायचं जेल), जबड्याच्या स्नायूंत बोटॉक्स (स्नायू सैल पाडणारं इंजेक्शन). पॅकेज साठ हजारांच्या वर. फिलर वर्ष-दीड वर्षात विरतं, म्हणजे हा खर्च पहिल्या दिवाळसणापुरता. खड्ड्यांचा विषय शेवटच्या पानावर होता.

तिने तो अहवाल मला व्हॉट्सॲपवर पाठवला आणि खाली लिहिलं, "मावशी, तू एवढे चेहरे काढलेस. माझा खरंच असा आहे का?" माझी आई शेजारी बसली होती. वय ८४, चष्मा कपाळावर. तिने फोन हातात घेतला, हिरव्या रेषांकडे बघितलं आणि म्हणाली, "ह्यां तर आजयेचां नाक गो. ह्येका काय झालां?"

मी भाचीला एकच प्रश्न विचारायला सांगितला: या रेषा कुणाच्या चेहऱ्यावरून काढल्या आहेत? तिने फोन करून विचारलं. उत्तर आलं, "मॅम, इंटरनॅशनल स्टँडर्ड आहे." मी म्हटलं, इंटरनॅशनल माणूस कसा दिसतो ते विचार. ते तिने विचारलं नाही.

मग मी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीला फोन लावला. ती आज ऑर्थोडोन्टिस्ट आहे, म्हणजे वाकडे दात आणि जबडे सरळ करणारी डॉक्टर. तिच्याकडून जे कळलं ते आपल्या वाचकांना सांगावंसं वाटतं, कारण पुरवणीच्या पानभर मजकुरात त्यातलं अक्षर नव्हतं.

आधी तिने मलाच दटावलं. म्हणाली, "बाई, मापांना नावं ठेवू नका. दुभंगलेल्या ओठाचं बाळ येतं, अपघातात चेहऱ्याची हाडं मोडलेला पोरगा येतो, एखाद्याचा खालचा जबडा इतका पुढे असतो की घास चावता येत नाही. तेव्हा आम्हाला आकडे लागतातच." मान्य. तिथे काहीतरी मोडलेलं असतं आणि ते कुठवर जोडायचं याचा अंदाज हवा असतो. पण हे आकडे आले कुठून, ते ऐकून मी फोन स्पीकरवर टाकला आणि लिहून घेतलं.

डोक्याचा बाजूने एक्स-रे काढून कोन मोजायची पद्धत १९३१ सालची. त्यावरून पहिलं गाजलेलं कोष्टक बसवलं ते विल्यम डाउन्स या अमेरिकन डॉक्टरने, १९४८ साली. त्याने मोजलेली माणसं किती? वीस. बारा ते सतरा वर्षांची गोरी मुलं-मुली, दात उत्तम असलेली. त्याने त्यांना जगाचा नमुना म्हटलं नव्हतं. आमच्याकडचे चांगले चेहरे असे असतात, एवढंच सांगितलं. पुढच्यांनी त्यातला 'आमच्याकडचे' हा शब्द गाळला. नंतर रिकेट्स नावाच्या दुसऱ्या अमेरिकन ऑर्थोडोन्टिस्टने नाकाच्या शेंड्यापासून हनुवटीच्या टोकापर्यंत एक सरळ रेषा मारायला शिकवलं. प्रौढ गोऱ्या माणसात खालचा ओठ या रेषेच्या सुमारे २ मिलिमीटर मागे असतो. माझ्या भाचीचा ओठ 'पुढे' आला तो या रेषेच्या. आता चित्रकलेचा मास्तरही सांगू शकेल की ज्याचं नाक कमी टोकदार, त्याची ही रेषा आपोआप मागे सरकते, आणि जागचा न हललेला ओठ पुढे आल्यासारखा दिसतो. भारतीयांच्या मोजण्या झाल्या तेव्हा आपले ओठ गोऱ्यांच्या मानाने पुढेच भरले, आणि म्हणून आमच्या डॉक्टरबाई ती रेषा पुस्तकात आहे तशी लावत नाहीत. दात काढायचे की ठेवायचे हे काही वेळा त्या दोन मिलिमीटरवर ठरतं, असं ती म्हणाली.

आणि फळ्यावरच्या तीन भागांचं काय? ते दा विंची आणि ड्यूररच्या काळातल्या चित्रकारांचं. टोरोंटोच्या मुलांच्या रुग्णालयात लेस्ली फर्कास नावाचे डॉक्टर होते, त्यांनी सगळी हयात चेहरे मोजण्यात घालवली. १९८५ साली त्यांनी हे जुने नियम उत्तर अमेरिकेतल्या तरुण गोऱ्या माणसांवरच तपासले. नाकाची रुंदी दोन डोळ्यांमधल्या अंतराइतकी असावी, हा नियम निम्म्याहून कमी जणांना लागू पडला. म्हणजे ज्यांच्या घरचा नियम त्यांनाच तो बसेना! हे ऐकून मला माझ्या वह्यांचा फार अभिमान वाटला.

याच फर्कासांनी २००५ साली एक मोठी मोजणी प्रसिद्ध केली. देशोदेशीच्या लोकांनी आपापल्या माणसांची मापं घेतली होती. एकूण १४७० स्त्री-पुरुष, १८ ते ३० वयाचे, प्रत्येकाची १४ मापं. यातले ७८० युरोपातले. आशियातले पाच गट मिळून ३००, त्यात एक गट भारतीयांचा. गटामागे सरासरी साठ माणसं झाली. संपादक महोदय, माझा एका वर्षीचा आठवी 'अ'चा पट अठ्ठावन्न होता. त्या अठ्ठावन्नांत वेंगुर्ल्याकडचं गाबितांचं पोर होतं, घाटावरून बदलून आलेल्या फौजदाराची मुलगी होती, चर्चमागचा फर्नांडिस होता. त्या वर्गाचं सरासरी नाक काढून ते जिल्ह्याला लावायची छाती मला झाली नसती. त्या अहवालात निष्कर्ष असा निघाला की आशियाई आणि आफ्रिकी वंशाच्या गटांची नाकं 'फार रुंद' किंवा 'अतिशय रुंद'. कुणापेक्षा? उत्तर अमेरिकेतल्या गोऱ्यांपेक्षा, कारण तुलनेसाठी तेच घेतले होते. फर्कासांचा हेतू चांगला होता. जन्मजात व्यंग असलेल्या आणि अपघातात सापडलेल्या माणसांवर उपचार करताना त्या-त्या लोकांची मापं हाताशी असावीत, म्हणून त्यांनी तो खटाटोप केला. पण 'त्यांच्यापेक्षा रुंद' हे क्लिनिकच्या टॅब्लेटवर नुसतं 'रुंद' होतं, आणि पुढे साठ हजारांचं पॅकेज होतं.

यावर कुणी म्हणेल, मग महाराष्ट्राचं वेगळं कोष्टक करा. तशी कोष्टकं दंतमहाविद्यालयांत झालेलीही आहेत, आणि जबड्याच्या शस्त्रक्रियेला ती उपयोगाची आहेत. पण सौंदर्याच्या बाजारात ती आली तर काय होईल, याची मला धास्ती वाटते. कारण नाकं मोजून माणसांची उतरंड लावण्याचा उद्योग आपल्याकडे एकदा होऊन गेला आहे. हर्बर्ट रिसले हा इंग्रज अधिकारी नाकाची रुंदी भागिले लांबी गुणिले शंभर असा आकडा काढायचा. सत्तरच्या खाली निमुळतं, पंचाऐंशीच्या वर बसकं. जात जितकी वरची तितकं नाक निमुळतं, असा त्याचा सिद्धान्त होता, आणि १९०१ च्या जनगणनेचा प्रमुखही तोच होता. त्याचं गणित उलगडून दाखवलं ते आमच्या मालवणात जन्मलेले समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी, १९३२ साली. उत्तर हिंदुस्थानापुरतं त्यांनी ते मानलं, पण महाराष्ट्रासह इतर प्रांतांत नाकाचं माप आणि जातीची पायरी यांची जोडी जमत नाही, हे रिसलेच्याच पद्धतीच्या मापांवरून त्यांनी मांडलं. मालवणच्या बाजारात मासळीच्या पाटीपाशी अर्धा तास उभं राहिलं तरी हे कळतं म्हणा, पण विद्यापीठाला आकडे लागतात.

आणखी एक आठवण राहवत नाही म्हणून. चेहऱ्याच्या दोन बाजू सारख्या नाहीत, हाही आता दोष म्हणून विकला जातो. भाचीच्या अहवालात 'असिमेट्री' असा रकाना होता. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या शेवटी बर्लिनला गेल्या, तेव्हा त्यांच्या प्रबंधाचा विषय मानवी कवटीच्या दोन बाजूंमधला फरक हाच होता. मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, वंशश्रेष्ठत्व मानणारे. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि सांगितलं की हा फरक वंशावर अवलंबून नाही. गुरूला हवं ते उत्तर त्यांनी दिलं नाही. दोन बाजू अगदी सारख्या असलेला चेहरा मी फक्त साच्यातल्या गणपतीचा पाहिला आहे. माझे वडील हाताने शाडूची मूर्ती करायचे, आणि डोळ्यांची आखणी करताना त्यांचाही एक डोळा केसभर मोठा होई. गिऱ्हाईक तोच गणपती पहिल्यांदा उचलायचं.

पुण्याचा विषय निघालाच आहे तर तिथलीच एक गोष्ट सांगते. १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये एक पत्र छापून आलं होतं (तेव्हाही संपादकांना पत्रंच पाठवत!). कावसजी नावाचा इंग्रजांच्या फौजेतला बैलगाडीवाला टिपूच्या हाती सापडला आणि त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळ एका विटा भाजणाऱ्या जातीच्या वैद्याने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नाक करून दिलं, आणि दोन इंग्रज डॉक्टर ते बघत उभे होते. या कृतीची सुरुवात मला फार आवडते. वैद्याने मेणाची पातळ पट्टी घेतली आणि ती कावसजीच्याच उरलेल्या नाकावर बसवून आकार घेतला. मग ती पट्टी सपाट करून त्याच्या कपाळावर ठेवली, भोवती रेघ ओढली आणि त्या रेघेवर कापलं. दोन भुवयांमधला कातडीचा चिंचोळा देठ तेवढा शाबूत ठेवला, म्हणजे नव्या नाकाला रक्त मिळत राहील. हे वाचूनच पुढे १८१४ साली लंडनमध्ये कार्प्यू नावाच्या सर्जनने तशी शस्त्रक्रिया केली. त्या वैद्यानेही मापच घेतलं, संपादक महोदय. पण ते कावसजीचं घेतलं.

आपल्या जुन्या शिल्पशास्त्रातही मापांची काही कमी नाही. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात चेहरा बारा अंगुळांचा (अंगुळ म्हणजे बोटाची रुंदी) आणि त्याचे चार-चार अंगुळांचे तीन भाग सांगितले आहेत. म्हणजे दा विंचीच्याही कितीतरी आधी आमचं अंडं तयार होतं. पण तिथे पुरुष एकच नाही, पाच आहेत: हंस, भद्र, मालव्य, रुचक आणि शशक. हंस १०८ अंगुळांचा, शशक ९० चा. आणि अंगुळ कुणाचं, तर ज्याचं त्याचं. चरकसंहितेतही शरीराची मापं ज्याच्या-त्याच्या अंगुळानेच घ्यायला सांगितली आहेत. मी जुन्याचे गोडवे गाणारी बाई नाही. याच शास्त्राने देवांना एक माप आणि राक्षसांना दुसरं दिलं, तेही मला ठाऊक आहे. पण अंगुळाची ही युक्ती मात्र टॅब्लेट बनवणाऱ्याला सुचली नाही.

टॅब्लेटवरून आठवलं. भाची गौरीला घरी आली तेव्हा आम्ही एक प्रयोग केला. मी तिचा फोटो आधी हातभर अंतरावरून काढला, तसा कौन्सेलर मुलीने काढला होता. मग ओसरीच्या टोकाला जाऊन, सहा-सात फुटांवरून, झूम करून काढला. दोन्ही फोटो छापून आणले, डोळ्यांच्या बाहेरच्या कडा सारख्या अंतरावर येतील असे लहान-मोठे करून, आणि डिव्हायडर घेऊन बसले. जवळच्या फोटोत नाक उघड रुंद. यात चमत्कार नाही. जवळची वस्तू मोठी दिसते, आणि चेहऱ्यात सगळ्यांत पुढे नाक असतं. यथार्थदर्शन शिकवताना मी हेच टेबलाच्या पायांवरून समजावत असे. २०१८ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी याचं गणितच मांडलं: बारा इंचांवरून घेतलेल्या फोटोत नाकाचा तळ पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतो. भाचीने दोन्ही फोटो बराच वेळ पाहिले आणि विचारलं, "म्हणजे मी दोन वर्षं सेल्फीतलं नाक घेऊन रडत होते?" यावर मी काही बोलले नाही. भरल्या घरात गौरी जेवायच्या होत्या.

तिला मी अडवलेलं नाही. २६ वर्षांच्या कमावत्या मुलीला नाकाचं काय करायचं ते मावशीने सांगू नये. आणि आपण मराठी माणसं टॅब्लेट येण्याआधी फार उदार होतो असंही नाही. 'नाकी-डोळी नीटस' हे माप आपल्याच पत्रिकांमधलं. चाफेकळी, तरतरीत, अपरं, बसकं, फेंदारलेलं, ही सगळी कोष्टकं आपल्या आत्या-मावश्यांनी न मोजता लावली, आणि नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं आणली तीही आपणच. मला स्वतःला १९८३ साली दोन स्थळांनी नाकावरून नाकारलं होतं. फरक इतकाच की त्या बायकांनी 'आम्हाला पसंत नाही' म्हटलं, मिलिमीटर सांगितले नाहीत. त्यांच्यावर रागावता तरी आलं.

म्हणून मागणं छोटं आहे. ज्या क्लिनिकमध्ये चेहरा मोजून अहवाल देतात, तिथे त्या अहवालावर लिहिलेलं असावं की तुलना कोणत्या लोकांच्या मापांशी केली, ती माणसं किती होती, कोणत्या वयाची, आणि फोटो किती अंतरावरून काढला. रक्त तपासलं की कागदावर आकड्याशेजारी प्रयोगशाळेची 'नॉर्मल रेंज' छापलेली असते. तिथे हिमोग्लोबिनचं बायकांचं माप वेगळं, पुरुषांचं वेगळं. चेहऱ्याच्या कागदावर मात्र नुसता 'डिव्हिएशन'. आणि नाकात सुई जाणार असेल, तर फिलर रक्तवाहिनीत शिरून कातडी मरू शकते, क्वचित दृष्टीही जाऊ शकते, हे कौन्सेलरने नव्हे, डॉक्टरांनी तोंडाने सांगावं. भाचीला ते चौथ्या पानावर बारीक टायपात मिळालं. आपल्या पुरवणीने यावर डॉक्टरांनाच लिहायला सांगितलं तर बरं होईल. सौंदर्याचं माप म्हणून सांगितल्या जाणाऱ्या १.६१८ या सुवर्ण गुणोत्तरावरचे लेख आता पुरे. त्या आकड्यावरून कॅलिफोर्नियातल्या एका सर्जनने चेहऱ्याचा मुखवटा बनवला होता. तो आफ्रिकी आणि पूर्व आशियाई चेहऱ्यांवर बसत नाही, असं पुढे इतरांनी दाखवलं. आमच्या डॉक्टरबाईंनी तो मला संगणकावर पाठवला, मी तो छापून आईच्या तरुणपणच्या फोटोवर ठेवून पाहिला. आईचे कान बाहेर राहिले.

भाचीने फक्त खड्ड्यांचे उपचार घ्यायचे ठरवले आहेत, दुसऱ्या एका डॉक्टरांकडे. हनुवटीचं नंतर बघू म्हणते.

आपली,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका
(कुडाळ, जि. सिंधुदुर्ग. नाव छापू नये ही विनंती, लग्नघरात भाचीला ओळखतील.)

ता. क. : पुरवणीतल्या चित्रात चूक आहे. मधला भाग भुवईपासून नाकाच्या बुडापर्यंत मोजायचा असतो, म्हणजे नाक जिथे वरच्या ओठाला मिळतं तिथवर. आपल्या चित्रकाराने रेषा नाकाच्या शेंड्यावर मारली आहे. त्या रेषेने मोजलं तर खालचा भाग सगळ्यांचाच लांब भरेल. चित्र सुधारून पुन्हा छापावं. शाळेत मुलं कात्रणं काढून चिकटवतात.